लाल शेऱ्याचे कारण: डिचोली तालुक्यातील एका पतसंस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेने कर्ज प्रकरणांच्या छाननीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संगणक प्रणाली आणली, त्यानंतर तेथे काय घडले याची ही नोंद आहे. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव दिलेले नाही व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सहकारी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याच्या कामामुळे हे प्रकरण मला बरेच जवळून पाहता आले.

बुद्धिमान यंत्रांसोबत काम करणाऱ्या माणसाला कोणती कौशल्ये लागतील, याविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजगारविषयक अहवालात कंपन्यांनी विश्लेषक विचाराला पहिले स्थान दिले आहे आणि २०३० पर्यंत कामगारांच्या सध्याच्या कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये बदलतील किंवा कालबाह्य होतील, असा अंदाज त्यात आहे. अशा अहवालांतून कौशल्यांची यादी मिळते. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या हातून ते कौशल्य कोणत्या क्षणी सुटते आणि ते टिकवण्यासाठी संस्थेला काय मोजावे लागते, हे मात्र एखादे प्रकरण बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही.

या पतसंस्थेचे सभासद संमिश्र आहेत. त्यांत सरकारी नोकर आहेत, बाजारातील छोटे दुकानदार आहेत, काजू बागायतदार आहेत, औद्योगिक वसाहतीतील कामगार आहेत आणि पर्यटन हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (हंगामी उपाहारगृहांत) कामाला जाणारी तरुण मुले आहेत. एक मोठा गट खाणीवर अवलंबून असलेल्यांचा आहे. डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांत अनेक वर्षे घरटी एखादा तरी टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, असायचा, किंवा घरातील कोणीतरी टिपरवर चालक असायचा. खाणीतून जेटीपर्यंत ट्रकने आणि तेथून मांडवीतून बार्जने मुरगाव बंदरापर्यंत खनिज जात असे आणि त्या साखळीवर गॅरेजवाल्यापासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळे जगत असत.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदी आदेश आला. २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर मर्यादा घालून खाणींना वाट दिली. पुन्हा ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्या वर्षीच्या १६ मार्चपासून खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. या काळात टिपर दारात उभे राहिले आणि हप्ते थकले. अनेक कर्जदारांनी एकरकमी परतफेडीची तडजोड करून खाती बंद केली. संस्थेच्या खतावणीत अशा खात्यांपुढे एकच शब्द पडला: ‘तडजोड’.

प्रणाली आणण्यामागची कारणे प्रामाणिक होती, हे आधी सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत कर्ज प्रकरण कर्ज समितीपुढे जायचे आणि समितीतील कोणीतरी अर्जदाराला ओळखत असेल तर ते लवकर निघायचे. ज्याला वाड्यावर कोणी जामीनदार मिळत नसे, त्याचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राही. बाहेरून येऊन स्थायिक झालेले, नावावर मालमत्ता नसलेल्या स्त्रिया आणि पहिल्यांदाच कर्ज मागणारी मुले यांना ही पद्धत अनुकूल नव्हती. नव्या चेअरमननी गोव्याबाहेरील एका पुरवठादाराकडून प्रणाली घेतली, तेव्हा ‘ओळखीपेक्षा आकडा बरा’ हे त्यांचे मत होते आणि त्यात तथ्य होते.

ही प्रणाली अर्ज, बचत खात्यातील व्यवहार आणि संस्थेचा जुना कर्जाचा इतिहास वाचून शून्य ते शंभर असा गुणांक देते आणि प्रकरणाला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा लावते. जोडलेल्या कागदपत्रांचा सारांश काढते आणि अर्जदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदाही तयार करते. पूर्वी आठवडाभर लागणारी छाननी एका दिवसात होऊ लागली. पिग्मी ठेवीदार असलेल्या मासळी विक्रेत्या आणि भाजीवाल्या स्त्रियांना समिती आजवर ‘अनिश्चित उत्पन्न’ म्हणून मागे ठेवत आली होती. रोजची ठेव न चुकता भरणारी माणसे हप्तेही न चुकता भरतात हे यंत्राने जुन्या नोंदींतून शोधून काढले आणि त्यांच्यापैकी अनेकींना प्रथमच हिरवा शेरा मिळाला. हे यंत्राचे श्रेय आहे आणि पुढील हकिकत वाचताना ते विसरले जाऊ नये.

अडचण कशी पुढे आली

संस्थेचे एक जुने सभासद, वय पन्नाशीच्या पुढचे, पूर्वी दोन टिपरचे मालक होते. खाणबंदीत दोन्ही गाड्या पडत्या भावाने विकून त्यांनी तडजोडीने कर्ज मिटवले होते. त्यानंतर ते एका छोट्या मालवाहू गाडीतून भाजी आणि किराणा पोचवण्याचा व्यवसाय करू लागले आणि कित्येक वर्षे पिग्मी भरत राहिले. गाडी जुनी झाल्याने दुसरी घेण्यासाठी त्यांनी माफक रकमेच्या कर्जाचा अर्ज केला. प्रकरणाला लाल शेरा आला. यंत्राने तयार केलेले पत्र, ‘आपली परतफेडीची क्षमता अपुरी आढळून आल्याने’ अशा शब्दांत, दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी पोचले.

ते पत्र घेऊन शाखेत आले. कर्ज विभागातील अधिकारी पंचविशीतला, वाणिज्य शाखेचा पदवीधर, संगणकात तरबेज आणि वागण्याने अतिशय सभ्य. त्याने पडद्यावर प्रकरण उघडले, शेरा पाहिला आणि म्हणाला, “काका, सिस्टीममध्ये बसत नाही.” त्यावर सभासदांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, “ना जाल्यार ना, पूण कित्याक तें सांग.” (नाही तर नाही, पण का ते सांग.) त्या प्रश्नाला अधिकाऱ्यापाशी उत्तर नव्हते. गुणांक त्याला दिसत होता, त्याचे कारण दिसत नव्हते, आणि कारण शोधणे हे आपले काम आहे असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. सभासद काही वेळ उभे राहिले, मग त्यांनी पिग्मी बंद करण्याचा फॉर्म मागितला.

एवढ्यावर थांबले असते तर ही एक तक्रार ठरली असती. त्याच गावातील आणखी काही जण पुढच्या काही आठवड्यांत ठेवी काढायला आले, तेव्हा शाखा व्यवस्थापक सावध झाले. त्यांनी लाल शेऱ्याची प्रकरणे एकत्र मागवून शाखेतील ज्येष्ठ लिपिक बाईंना दाखवली. बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि खाणींच्या परिसरातील बहुतेक घरे त्यांना माहीत होती. नावे वाचता वाचता त्या म्हणाल्या, “साहेब, हे तर सगळे ट्रकवाले.”

कारण उघड होते, पण ते पाहण्यासाठी खाणबंदीची आठवण असलेले माणूस लागले. यंत्राला मिळालेल्या इतिहासात ‘तडजोड’ आणि ‘बुडीत’ ही दोन्ही खाती फसलेल्या कर्जांच्या एकाच गटात घातली होती. एका आदेशामुळे एका दिवसात उत्पन्न थांबलेल्या माणसांचा इतिहास यंत्राने त्या माणसांचा स्वभाव म्हणून शिकून घेतला होता. सप्टेंबर २०१२ पर्यंत त्यांच्यातील बहुतेकांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, ही गोष्ट खतावणीत होती. पण थकबाकीच्या आकड्याखाली ती दबून गेली होती.

शोध सुरू झाल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. शॅकमध्ये किंवा मासळीच्या धंद्यात असलेल्यांच्या खात्यांत जूनपासून जमा घटते. किनारी हंगाम मे महिन्यात संपतो, मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते, आणि त्यानंतर लगेच चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च येतो. यंत्राने या वार्षिक ओहोटीला ‘अस्थिर उत्पन्न’ म्हटले होते. दुसरी गोष्ट उलट दिशेची होती आणि अधिक धोक्याची. एका तारण कर्जाच्या प्रकरणात एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर पतीचे एकट्याचे नाव होते, म्हणून यंत्राच्या सारांशात ‘मालक एकटा, संमती आवश्यक नाही’ असे आले होते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या समाईक मालमत्तेच्या व्यवस्थेत पत्नीचा अर्धा हिस्सा असतो आणि तिच्या सहीवाचून घर तारण घेता येत नाही. देशातील इतर भागांतील कागदपत्रांवर घडलेल्या प्रणालीला हे ठाऊक नव्हते. प्रकरणाला हिरवा शेरा होता आणि ते मंजुरीच्या वाटेवर होते. बाईंनी ते सहज चाळले म्हणून थांबले.

या शेवटच्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. लाल शेऱ्याविरुद्ध निदान माणूस भांडायला येतो. चुकीच्या हिरव्या शेऱ्याविरुद्ध कोणीच येत नाही, आणि तो पकडण्यासाठी आपले काम मनापासून जाणणारे कोणीतरी जागेवर असावे लागते. स्वयंचलन वाढते तसे माणसाकडे सर्वांत कठीण प्रसंग उरतात, पण त्या प्रसंगांना लागणारा सराव मात्र कमी होत जातो, असे मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते. त्यांचे उदाहरण कारखान्यांतील नियंत्रण कक्षांचे होते. पतसंस्थेच्या काउंटरवर तीच गोष्ट वेगळ्या वेशात दिसली.

कोणते पर्याय समोर होते

विषय संचालक मंडळापुढे गेला. पहिला पर्याय प्रणाली बंद करण्याचा होता. कर्ज समितीतील जुन्या सदस्यांना तो पसंत होता आणि ‘आमचे डोळेच बरे होते’ असे त्यांनी बोलूनही दाखवले. व्यवस्थापकांनी त्याला ठाम विरोध केला. हिरवा शेरा मिळालेल्या पिग्मी ठेवीदार स्त्रियांची यादी त्यांनी मंडळापुढे ठेवली आणि यांतील किती अर्ज पूर्वी समितीने परत पाठवले होते, ते इतिवृत्तातून वाचून दाखवले. माणसाचा पूर्वग्रह नोंदीत दिसत नाही म्हणून तो नव्हता असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

दुसरा पर्याय पुरवठादाराने सुचवला. गुणांक काढताना व्यवसायाचा रकाना वगळावा, म्हणजे ट्रकवाल्यांवर अन्याय होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. वरवर हे पटण्यासारखे होते. तरुण अधिकाऱ्याने मात्र येथे एक नेमका प्रश्न विचारला: व्यवसाय काढला तरी गाव राहतो, जुने वाहन कर्ज राहते आणि ‘तडजोड’ हा शेराही राहतो, मग या तिन्हींतून यंत्र पुन्हा त्याच माणसांपर्यंत पोचणार नाही का? पुरवठादाराने चाचणी घेतली आणि शंका खरी निघाली. ‘काका, सिस्टीममध्ये बसत नाही’ म्हणणाऱ्या मुलानेच हा प्रश्न विचारला, याची नोंद येथे मुद्दाम करतो. त्याच्याकडे चौकस बुद्धी पहिल्यापासून होती. तिला वाव द्यावा असे तोवर कोणाला सुचले नव्हते.

तिसरा पर्याय चेअरमनना विशेषाधिकार देण्याचा होता, म्हणजे अपवादात्मक प्रकरणात त्यांनी लाल शेरा बाजूला सारावा. त्यावर फार चर्चा झाली नाही. तो मागचा दरवाजा ठरेल हे खुद्द चेअरमननीच ओळखले आणि नकार दिला.

चौथा पर्याय यंत्र ठेवून त्याच्याभोवतीचे काम बदलण्याचा होता: इतिहासाची नोंद दुरुस्त करणे, अधिकाऱ्याने स्वतःचे मत आधी लिहिणे आणि नकार माणसाने समोरासमोर कारणासह देणे. यात वेळ जाणार होता आणि प्रणाली तर वेळ वाचवण्यासाठीच घेतलेली होती. मंडळाने बऱ्याच ओढाताणीनंतर हा पर्याय एका आर्थिक वर्षापुरता मान्य केला.

काय केले

सुरुवात खतावणीपासून झाली. ज्येष्ठ लिपिक बाई आणि तरुण अधिकारी यांनी दुपारी काउंटर बंद झाल्यावर एकत्र बसून जुनी खाती पाहिली. खाणबंदीमुळे थकलेली खाती वेगळी काढण्यासाठी त्यांनी कसोट्या ठरवल्या. सप्टेंबर २०१२ पूर्वी किंवा, नंतर घेतलेल्या कर्जांच्या बाबतीत, मार्च २०१८ पूर्वी परतफेड नियमित असली पाहिजे आणि थकबाकी सुरू झाल्यावर कर्जदार स्वतःहून संस्थेकडे आलेला असला पाहिजे. पहिली गोष्ट आकड्यांत मिळते. दुसरी इतिवृत्तांत आणि पत्रव्यवहारात शोधावी लागली.

या कामात एक प्रसंग असा आला की त्यावर मी प्रशिक्षणात नेहमी थांबतो. एक खाते या यादीत असावे असा बाईंचा आग्रह होता. ते घर त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. अधिकाऱ्याने नम्रपणे म्हटले, “बाई, हप्ते तर २०११ पासूनच चुकलेत. तुमच्याकडे कागद असला तर ठेवूया.” बाईंनी नोंदी पुन्हा पाहिल्या आणि खाते स्वतःच्या हाताने यादीतून काढले. वयाने आणि अनुभवाने मोठ्या सहकाऱ्याला पुरावा मागणे, आणि मागितल्यावर तो नाही हे मान्य करणे, ही दोन्ही माणसांची कौशल्ये आहेत आणि यंत्र आल्यावर त्यांची गरज वाढते. बाईंकडे संदर्भ होता, मुलाकडे शिस्त होती. दोघे एका टेबलाशी बसल्यावर त्या दोन्हींचा उपयोग झाला.

दुरुस्त केलेली खाती ‘बाह्य कारणाने थकलेली’ या नव्या वर्गात घालून पुरवठादाराला दिली गेली आणि गुणांकाची पद्धत नव्याने बसवण्यात आली. कागदपत्रांच्या सारांशावर अवलंबून कोणतेही तारण घ्यायचे नाही, मूळ उतारा आणि पती-पत्नी दोघांच्या सह्या अधिकाऱ्याने स्वतः पाहायच्या, असा लेखी नियम झाला.

दुसरा बदल कामाच्या क्रमाचा होता. अधिकाऱ्याने अर्जदाराशी बोलून, कागद पाहून आपले मत एका छापील पानावर लिहायचे आणि त्यानंतरच गुणांक उघडायचा. आधी आकडा पाहिला की माणूस त्या आकड्याला शोभेल असेच मत बनवतो, हे अनेक क्षेत्रांतील अभ्यासांत दिसून आलेले आहे. मत आणि शेरा वेगळे निघाले तर कारण लिहायचे आणि प्रकरण व्यवस्थापकांकडे जायचे. हा नियम कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात थोड्याच दिवसांत पानांवर ‘चौकशीअंती योग्य वाटते’ हे एकच वाक्य दिसू लागले. व्यवस्थापकांनी ती पाने परत पाठवली आणि एक प्रश्न वाढवला: कोणती माहिती मिळाली तर तुमचे हे मत बदलेल? या प्रश्नाला साचेबंद उत्तर देता येत नाही. ‘उरलेला हिस्सा भावाच्या नावावर असल्याचे कळले तर’, ‘गाडीचे काम ज्या हॉटेलकडून मिळते ते पावसाळ्यात बंद असते असे कळले तर’, अशी उत्तरे येऊ लागली आणि त्यामागोमाग चौकशीही खरी होऊ लागली.

तिसरा बदल नकार देण्याचा. यासाठीच मला बोलावले होते आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘नाही’ कसे सांगावे, हे त्या तरुण अधिकाऱ्याला कोणी शिकवले नव्हते. अर्ज इंग्रजीत, यंत्राचे पत्र ग्रांथिक मराठीत आणि काउंटरवरचे बोलणे कोकणीत, अशा तीन भाषांत प्रकरण फिरत होते आणि कारण वाटेतच हरवत होते. म्हणून ठरले की नकार असेल तर पत्र जाण्याआधी सभासदाला बोलावायचे, बसवायचे, घरी बोलतो त्या भाषेत कारण सांगायचे, ते कारण चुकीच्या माहितीवर आधारलेले असेल तर सभासदाला ते दुरुस्त करण्याची संधी द्यायची आणि पुढे काय केले तर प्रकरण पुन्हा घेता येईल तेही सांगायचे. सराव करताना एकाने सभासद व्हायचे, दुसऱ्याने अधिकारी. बहुतेकांची पहिली अडचण सारखीच होती: समोरचा गप्प झाला की ते घाईने बोलू लागत आणि नसलेली आश्वासने देत. शांतता सहन करणे आणि ऐकून घेतलेले त्याच माणसाला त्याच्या शब्दांत परत सांगणे, एवढ्याच दोन गोष्टींवर आम्ही पुन्हापुन्हा काम केले.

परिणाम

ज्यांच्यामुळे हे सुरू झाले ते सभासद कर्ज घ्यायला परत आले नाहीत. व्यवस्थापक आणि तो अधिकारी त्यांच्या घरी गेले, झालेली चूक काय होती ते सांगितले आणि अर्ज पुन्हा घेण्याची तयारी दाखवली. तोपर्यंत त्यांनी एका खासगी वित्त कंपनीकडून जास्त व्याजाने पैसे उचलून गाडी घेतली होती. त्यांनी पिग्मी मात्र पुन्हा सुरू केली. त्या वाढीव व्याजाचा बोजा एका ‘कित्याक’ला उत्तर न मिळाल्यामुळे त्यांच्यावर पडला, आणि तो संस्थेला भरून देता येण्यासारखा नव्हता.

दुरुस्तीनंतर पूर्वीच्या लाल प्रकरणांतील काहींना पिवळा आणि काहींना हिरवा शेरा आला. काही लालच राहिली आणि ती तशी राहणे योग्यही होते. ठेवी काढण्याची लाट ओसरली. प्रकरणाला लागणारा वेळ एका दिवसावरून पुन्हा काही दिवसांवर गेला आणि त्यावर मंडळात अजूनही नाराजी आहे.

मतभेदाच्या पानांचा वर्षअखेरीस आढावा घेतला, तेव्हा चूक दोन्हीकडे दिसली. एका प्रकरणात अर्जदाराच्या घरची परिस्थिती पाहून अधिकारी हेलावला, लाल शेरा असूनही त्याने शिफारस केली आणि ते कर्ज थकले. ‘कोणती माहिती मिळाली तर मत बदलेल’ हा रकाना त्या एकाच पानावर रिकामा होता. माणसाची सहृदयता चौकशीची जागा घेऊ शकत नाही, हे शाखेने यातून ओळखले आणि त्या अधिकाऱ्याला दोष न देता प्रकरण सर्वांसमोर चर्चेला घेतले. दोष न देण्याचा तो निर्णय व्यवस्थापकांचा होता आणि माझ्या मते संपूर्ण वर्षातील सर्वांत चांगला निर्णय होता, कारण त्यानंतर कोणीही आपले मत यंत्राच्या शेऱ्याआड लपवू लागले नाही.

ज्येष्ठ लिपिक बाई निवृत्त झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी हंगामी उत्पन्न, समाईक मालमत्ता, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर आणि कोमुनिदादची (गावाच्या सामुदायिक संस्थेची) जमीन यांविषयी काय तपासावे याची एक नोंदवही लिहून दिली. ती उपयुक्त आहे, पण कोणत्या घरी कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता विचारू नये, हे त्यात उतरलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी खरेदीच्या वेळी गेली. प्रणालीचे प्रात्यक्षिक पाहायला संचालक आणि लेखापाल बसले होते. काउंटरवरचे कोणी नव्हते. ‘तुमच्या दृष्टीने फसलेले कर्ज म्हणजे कोणते?’ हा एक प्रश्न त्या दिवशी विचारला गेला असता, तर ‘तडजोड’ खात्यांचा विषय तेव्हाच निघाला असता. तो प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची गरज नव्हती; खतावणी लिहिलेल्या माणसाची होती.

प्रणाली सुरू करण्याआधी काही महिने जुन्या पद्धतीने निर्णय घेत राहून यंत्राचे शेरे नुसते बाजूला नोंदवायला हवे होते. दोन्हींची तुलना केली असती, तर ट्रकवाल्यांचा पुंजका सभासदांना इजा न होता दिसला असता.

सभासदांना यंत्राविषयी काहीच सांगितले नव्हते, हीसुद्धा उणीव होती. ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेतला जातो ती पूर्ण व अचूक असावी आणि ती दुरुस्त करून घेण्याचा त्या व्यक्तीला हक्क असावा, ही तत्त्वे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहेत. वित्त क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या ऑगस्ट २०२५ मधील अहवालातही माणसाला अग्रस्थान देणे आणि निर्णय समजण्याजोगा असणे यांचा सात सूत्रांत समावेश आहे. राज्यातील पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसून सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ही सूत्रे त्यांना बंधनकारक नाहीत. पण शेजारच्या बँकेत मिळणारे कारण पतसंस्थेत का मिळत नाही, असे सभासदाने विचारले तर तांत्रिक उत्तर पुरणार नाही.

माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा मूल्यमापनाचा आहे. ऐकणे, कारण शोधणे, ते सांगणे आणि सहकाऱ्याशी सन्मानाने मतभेद ठेवणे या गोष्टींना ‘मृदू कौशल्ये’ म्हणून प्रशिक्षणाच्या एखाद्या दुपारी उरकले जाते आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्याचे मोजमाप ‘दिवसाला किती प्रकरणे’ याच आकड्यावर होते. या संस्थेतही वर्षभर तेच चालले. अधिकाऱ्याने सभासदाबरोबर घालवलेला अर्धा तास त्याच्या वार्षिक अहवालात उणे म्हणून धरला गेला. यंत्राने जो वेळ वाचवला तो याच कामाला द्यायचा, असे कामाच्या वेळापत्रकात लिहून ठेवल्याखेरीज ही कौशल्ये टिकणार नाहीत. व्यवस्थापकांनी तसा ठराव मांडला आहे. मंडळाने तो पुढील बैठकीवर ढकलला आहे.

दरम्यान नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि डिचोलीच्या पट्ट्यातून २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. टिपरसाठी अर्ज परत येऊ लागले आहेत. दुरुस्त केलेल्या इतिहासानुसार यंत्र आता ट्रकवाल्यांना चांगले कर्जदार मानते आणि त्यांच्या स्वभावाविषयी ते खरेही आहे. मात्र ज्या आदेशांनी २०१२ आणि २०१८ मध्ये सगळे थांबले, तशी शक्यता त्या गुणांकात कोठेच नाही, कारण ती खाती ‘बाह्य कारण’ म्हणून बाजूला काढली ती याच कर्मचाऱ्यांनी. हे त्या तरुण अधिकाऱ्यानेच निदर्शनास आणले. त्यावर समितीने मत लिहिण्याच्या पानावर एक रकाना वाढवला आहे: ‘घराचे उत्पन्न कोणत्या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती थांबल्यास पहिले सहा महिने हप्ता कोठून येईल?’ हा प्रश्न अर्जदाराला समोर बसवून विचारायचा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे, असे ठरले आहे. टिपरच्या कर्जाची कमाल मर्यादा किती असावी, यावर निर्णय व्हायचा आहे.